एका गंजलेल्या बोल्टचं प्रकरण: 2004 सालची मोटरहोम, फीनिक्स ते ग्रँड कॅन्यन

ज्यांच्या गाडीची ही गोष्ट आहे ते जोडपं माझ्या ओळखीचं आहे. दोघंही अॅरिझोनात नोकरी करतात. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. बाकी जे घडलं ते घडलं तसंच लिहिलं आहे. यात पहिला चुकीचा सल्ला माझा होता, तोही त्याच्या जागी येईल.

पार्श्वभूमी

2022 च्या उन्हाळ्यात त्यांनी 2004 सालची, 29 फुटी मोटरहोम विकत घेतली. ड्रायव्हरच्या केबिनच्या वर पलंग असतो त्या प्रकारची, मोठ्या व्हॅनच्या चॅसीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर बांधलेली, दहा सिलिंडरांचं पेट्रोल इंजिन असलेली. गाडी फारशी पळालेली नव्हती. आधीच्या म्हाताऱ्या मालकाने शेवटची काही वर्षं ती घरासमोर उभीच ठेवली होती. विकत घेताना "कमी पळालेली" हे दोघांना जमेचं वाटलं. माझं मत उलट आहे. मोटरहोम चालून जितकी झिजते त्याहून जास्त उभी राहून बिघडते. रबर कडक होतं, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पिऊन घेतं आणि तांब्या-लोखंडाचा जिथे जिथे सांधा आहे तिथे गंज चढतो.

पुढचं कळायला या गाड्यांची वीज थोडक्यात सांगायला हवी. मोटरहोममध्ये बॅटऱ्यांचे दोन संसार असतात. एक चॅसीची बॅटरी, तिच्यावर इंजिन सुरू होतं. दुसऱ्या घरातल्या बॅटऱ्या, इथे सहा-सहा व्होल्टच्या दोन, एकापुढे एक जोडून 12 व्होल्ट आणि 220 अँपिअर-तासांच्या आसपास क्षमता. दिवे, पाण्याचा पंप, गॅसच्या हीटरचा पंखा, फ्रिजचा कंट्रोल बोर्ड आणि जनरेटरचा स्टार्टर हे सगळं या दुसऱ्या जोडीवर चालतं. गाडी बाहेरच्या विजेला जोडली की कन्व्हर्टर नावाचा डबा 120 व्होल्टपासून साडेतेरा व्होल्ट तयार करतो. त्यावर घर चालतं आणि बॅटऱ्याही चार्ज होतात. ऋण बाजूला स्वतंत्र वायर लांबवर नेलेली नसते. बॅटरीची निगेटिव्ह केबल लोखंडी चॅसीला बोल्टने कसतात आणि चॅसीच परतीची वायर बनते. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये याला बॉडी अर्थ म्हणतात.

अडचण कशी उभी राहिली

ऑक्टोबर 2022 मध्ये ते फ्लॅगस्टाफजवळच्या जंगलात दोन रात्री राहिले. बाहेरच्या विजेची सोय नव्हती. पहिल्याच रात्री हीटरचा पंखा फिरत राहिला, पण आच पेटली नाही, नुसती गार हवा. दिवे मंद झाले. सकाळी जनरेटरचं बटण दाबलं तर "टक्" असा आवाज, बस. डॅशबोर्डवर एक आणीबाणीचं बटण असतं, ते दाबून धरलं की चॅसीची बॅटरी घरातल्या बॅटऱ्यांना तात्पुरती जोडली जाते. ते धरल्यावर जनरेटर एका झटक्यात सुरू झाला.

जोडप्यातल्या नवऱ्याने मला फोन केला. "दादा, बॅटऱ्या सहा वर्षांच्या आहेत." मी म्हटलं, "मग बदल, सहा वर्षं खूप झाली." एकही प्रश्न न विचारता मी हे सांगितलं. बॅटऱ्या बदलल्या. घरी बाहेरच्या विजेला लावल्यावर सगळं छान चाललं. ते आधीही छानच चालत होतं, पण तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

जानेवारी 2023 मध्ये ते क्वार्ट्झसाइटला गेले. हिवाळ्यात या वाळवंटी गावाभोवतीच्या सरकारी जमिनीवर हजारो मोटरहोम उतरतात, वीज-पाण्याच्या जोडणीशिवाय. तिथेही तेच झालं: हीटर गार हवा फेकतो, दिवे मिणमिणतात, जनरेटर "टक्" करून थांबतो. तिथल्या एका फिरत्या मेकॅनिकने जनरेटर चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर लावला. 12.7 व्होल्ट दिसले. चार्ज होत असलेल्या बॅटरीवर साडेतेराच्या आसपास दिसायला हवं, म्हणून निदान झालं: कन्व्हर्टर गेला. नवा 55 अँपिअरचा कन्व्हर्टर बसला. तेवढ्यात सहल संपली आणि गाडी घरी येऊन पुन्हा बाहेरच्या विजेला लागली.

मोजलेला आकडा खरा होता, तो फक्त एकाच जागी मोजला होता. त्याच वेळी कन्व्हर्टरच्या तोंडाशी मीटर लावला असता तर तिथे पूर्ण 13.6 दिसले असते. मग प्रश्न आपोआप बदलला असता: मधले 0.9 व्होल्ट कुठे जातात?

मे महिन्यातली सहल

त्याचे आई-बाबा साताऱ्याहून आले होते. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. या सहलीत ते पाहुणे म्हणून बसले होते आणि दोन्ही वेळा नेमका प्रश्न त्यांनीच विचारला, हे मला मुद्दाम नोंदवायचं आहे.

फीनिक्स समुद्रसपाटीपासून साधारण 1,100 फुटांवर आहे, फ्लॅगस्टाफ सुमारे 6,900 फुटांवर. आय-17 महामार्गावर ब्लॅक कॅन्यन सिटी सोडली की सनसेट पॉइंटपर्यंत सरळ चढ. गाडी जड, उन्हाळा, इंजिन ओरडत चढतंय. सनसेट पॉइंटच्या अलीकडे आत जळका वास येऊ लागला. मुलाला वाटलं क्लच किंवा गिअरबॉक्स. बाबा म्हणाले, "अरे, हिला क्लच कुठला? हा ब्रेकच्या लायनरचा वास आहे. चढाला ब्रेक तापायचं कारण नाही. बाजूला घे."

विश्रांतीस्थळी उतरून त्यांनी प्रत्येक चाकाजवळ उलटा पंजा धरला, न टेकवता. पुढचं उजवं चाक भट्टीसारखं तापलं होतं, बाकीची कोमट. खंबाटकी घाट चढून आलेल्या बसगाड्या तपासायची हीच रीत, असं ते नंतर मला सांगत होते. उतरताना चारही चाकं तापतात. चढताना एकच तापलं तर तो ब्रेक सुटत नाही, धरून बसलाय.

पहिला निर्णय: पुढे जायचं की नाही

इथे तीन वाटा होत्या. गार होऊ द्यायचं आणि फ्लॅगस्टाफपर्यंत रेटायचं. टो ट्रक बोलवायचा, पण एवढ्या मोठ्या गाडीचा टो महाग आणि आई-बाबांना घेऊन तासन्‌तास थांबणं आलं. किंवा साधारण 15 किलोमीटरवरच्या कॉर्ड्स जंक्शनपर्यंत हळू जायचं आणि तिथे मेकॅनिक बोलवायचा.

नकाशा पाहिल्यावर पहिली वाट बाद झाली. कॉर्ड्स जंक्शनच्या पुढे रस्ता काही काळ पठारावरून जातो आणि मग कॅम्प व्हर्डेच्या खोऱ्यात तीव्र, लांब उतार लागतो. ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू इथे आडवा येतो. साधं डॉट 3 ऑइल नवं असताना 205 अंश सेल्सिअसला उकळतं, पण पाणी शोषून जुनं झालं की ही मर्यादा 140 अंशांपर्यंत खाली येते. तापलेल्या कॅलिपरमधलं (चाकाजवळ ब्रेक आवळणाऱ्या भागातलं) ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते. वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ तळाला जातं. आधीच तापलेलं चाक घेऊन त्या उतारावर जाणं म्हणजे हे घडण्याची वाट पाहणं होतं.

तासभर गार करून, ताशी 60 किलोमीटरच्या आत, ते कॉर्ड्स जंक्शनला पोचले. मधे दोनदा थांबून हात धरून पाहिलं. हा निर्णय बरोबर होता असं मला वाटतं. काहीजण म्हणतील, टोच योग्य होता. चाक दुसऱ्यांदा तेवढंच तापलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं.

मेकॅनिकने चाक जॅकवर उचललं. हाताने फिरत नव्हतं. त्याने कॅलिपरचा ब्लीडर नट, म्हणजे ऑइल बाहेर सोडायचा नट, किंचित सैल केला, थोडं काळं ऑइल उडालं आणि चाक सुटलं. या एका कृतीने अर्धं निदान होतं. ब्लीडर उघडूनही चाक जाम राहिलं असतं तर दोष कॅलिपरचा पिस्टन किंवा पिनांचा ठरला असता. दाब सोडल्यावर सुटलं, म्हणजे ऑइल आत अडकून पडत होतं. ते अडकवत होता रबरी ब्रेक होज, म्हणजे कॅलिपरपर्यंत ऑइल नेणारी नळी. एवढ्या वर्षांचं रबर आतून फुगून सोलपटतं. पेडल दाबताना जोर जास्त, म्हणून ऑइल जातं. पाय काढल्यावर परतीला जोर नसतो, म्हणून ते अडतं. बाहेरून होज अगदी धडधाकट दिसत होता.

पुढचे दोन्ही होज बदलले, पिना साफ करून ग्रीस लावलं, सगळं ब्रेक ऑइल नवं भरलं. डावा होज बिघडलेला नव्हता, तरी बदलला. दोघांचं वय एकच, त्यामुळे हे पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. याच वेळी टायरच्या भिंतीवरचे आकडे वाचले गेले: 2814, म्हणजे 2014 सालचा 28 वा आठवडा. नक्षी नव्यासारखी, वय नऊ वर्षांच्या उंबरठ्यावर. सहल संपताच सहाही टायर बदलायचे ठरलं आणि तोवर वेग कमी ठेवायचा.

ग्रँड कॅन्यनची रात्र

दुसऱ्या दिवशी ते दक्षिण कड्यावरच्या मॅथर कॅम्पग्राउंडला पोचले. उंची सात हजार फुटांच्या आसपास. मे महिन्यातही रात्री गोठणबिंदूजवळ जातात. इथे विजेची जोडणी नाही आणि जनरेटर ठराविक तासांतच चालवता येतो. रात्री नऊला हीटर लावला. पंखा फिरला, आच नाही. फ्रिजचा दिवा लुकलुकून विझला. आई दोन शाली पांघरून बसल्या होत्या.

शेजारचे गृहस्थ मदतीला आले. त्यांचं म्हणणं, हा उंचीचा परिणाम. म्हणणं निराधार नव्हतं. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजची ज्योत साडेपाच हजार फुटांच्या वर खरोखर त्रास देते आणि जनरेटरच्या कार्बुरेटरला उंचीप्रमाणे फिरवायची खूणही असते. तेव्हा बाबांनी विचारलं, "याआधी झालं ते गाव किती उंचावर होतं?" क्वार्ट्झसाइट नऊशे फुटांच्याही खाली आहे. शिवाय जनरेटर फिरून पेट घेत नव्हता असं नाही, तो मुळात फिरतच नव्हता. कार्बुरेटरचा प्रश्न त्यानंतरचा.

मग मला फोन आला. या वेळी मी सल्ला दिला नाही. मीटर काढायला सांगितला आणि सगळं बंद असताना काय दिसतं ते विचारलं. बॅटरीवर 12.6, फ्यूजच्या पॅनेलवर 12.6. इथेच बहुतेक लोक "व्होल्टेज ठीक आहे" म्हणून मीटर ठेवून देतात. मी म्हटलं, "आता हीटर आणि दिवे चालू कर आणि तेच पुन्हा बघ."

बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर 12.3. पॅनेलवर 10.6. भार दहा अँपिअरच्या आसपास होता. वाटेत 1.7 व्होल्ट गळत होते.

मग दोन्ही बाजू वेगळ्या मोजल्या. बॅटरीचा पॉझिटिव्ह ते पॅनेलचा पॉझिटिव्ह: 0.2. बॅटरीचा निगेटिव्ह ते चॅसीचं उघडं लोखंड: 1.5. त्याच्या आवाजावरूनच मला आकडा नीट वाचला गेलाय हे कळलं. चांगल्या सांध्यावर इथे 0.1 च्या आत दिसायला हवं.

1.5 व्होल्ट भागिले 10 अँपिअर म्हणजे 0.15 ओहम. ऐकायला काहीच नाही. पण आठ महिन्यांची सगळी लक्षणं या एका आकड्यात बसतात. एक अँपिअरचे दिवे लावले तर 0.15 व्होल्ट पडतो, कुणाला कळणारही नाही. हीटरच्या पंख्याला सात-आठ अँपिअर लागतात. दाब कमी म्हणून पंखा हळू फिरतो आणि हीटरच्या आत वाऱ्याने ढकलली जाणारी सुरक्षेची पाती पूर्ण हलत नाही. ती हलल्याशिवाय गॅस सुटत नाही, म्हणून नुसती गार हवा. जनरेटरच्या स्टार्टरला शंभराच्या वर अँपिअर हवेत, तिथे सगळाच दाब सांध्यावर खर्च होतो आणि उरतो तो "टक्". आणीबाणीचं बटण धरलं की करंट चॅसीच्या बॅटरीतून येतो, तिचा अर्थ वेगळा आणि स्वच्छ, म्हणून सगळं लख्ख. या बटणाने जनरेटर सुरू झाला तेव्हा आम्ही सगळ्यांनी "घरातल्या बॅटऱ्या कमजोर" असा अर्थ लावला होता. त्याचा दुसरा अर्थही तितकाच सरळ होता: बॅटरी नाही, तिची वाट खराब आहे.

बाहेरच्या विजेवर मात्र कन्व्हर्टर थेट पॅनेलला वीज देतो, मधे हा सांधा येतच नाही. म्हणून घरी कधीच काही दिसलं नाही. तो सांधा फक्त चार्जिंगच्या वाटेवर होता. 55 अँपिअर देऊ शकणारा कन्व्हर्टर त्यामुळे बॅटरीला जेमतेम सहा-सात देत होता. दोन तास जनरेटर चालवूनही हाती काही लागत नव्हतं.

दुसरा निर्णय: रात्री काय करायचं

बॅटऱ्या दारातल्या पायरीखाली होत्या. अंधारात, थंडीत ती केबल सोडवणं मला नको होतं. निसटलेला पाना दोन टर्मिनलांवर पडला तर काय होतं ते मी पाहिलेलं आहे. दुसरा पर्याय वीजजोडणी असलेल्या शेजारच्या ट्रेलर व्हिलेजमध्ये जाण्याचा, पण रात्री जागा मिळण्याची शाश्वती नव्हती.

तिसरा पर्याय जम्पर केबलचा. सगळा भार बंद केला, गॅसची टाकी बंद केली, पायरीचं झाकण उघडून काही मिनिटं हवा खेळू दिली, कारण चार्ज होणाऱ्या बॅटरीजवळ हायड्रोजन साचलेला असू शकतो. काळ्या केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं, शेवटी, बॅटरीपासून लांब, चॅसीच्या घासून चकचकीत केलेल्या जागी. मग गॅस उघडला, हीटर लावला. पंख्याचा आवाजच बदलला. पंधरा-वीस सेकंदांनी आच पेटल्याचा "भक्" आवाज मला फोनवर ऐकू आला.

रात्रभर केबल तशीच ठेवली. घासली जाऊ नये म्हणून टॉवेल गुंडाळून बांधली. सकाळी ठरलेल्या वेळेत जनरेटरचं बटण दाबलं, आणीबाणीच्या बटणाला हात न लावता. पहिल्या फिरक्यात सुरू.

उजेडात मूळ बोल्ट काढला. तो पायरीच्या रंगवलेल्या लोखंडी चौकटीला कसलेला होता. रंग पूर्ण खरवडलेलाच नव्हता, आणि चौकट व चॅसी यांच्या मधेही गंज होता. नवी केबल त्यांनी घरी आल्यावर टाकली: जाड, दोन्ही टोकांना नीट दाबलेले लग (बोल्टला अडकवायची धातूची टोकं), थेट चॅसीच्या मुख्य पट्टीवर, रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून, वरून ग्रीस. केबल, लग, बोल्ट मिळून खर्च चाळीस डॉलरच्या आत. बॅटऱ्या आणि कन्व्हर्टर मिळून आधी गेले होते त्यांचा आकडा मी लिहीत नाही, तो त्याला अजून बोचतो.

काय वेगळं करता आलं असतं

ऑक्टोबरच्या फोनवर मी एकच प्रश्न विचारायला हवा होता: घरी, बाहेरची वीज लावल्यावर हीच गोष्ट चालते का? "हो" म्हटल्यावर पंखा, पंप, फ्रिज सगळे निर्दोष सुटतात आणि संशय बॅटरी ते पॅनेल या वाटेवर येतो. बॅटरी त्या वाटेवरचा एक मुक्काम आहे, एकमेव नाही. सहा वर्षांचं वय ऐकून मी बाकीचं ऐकणं थांबवलं.

दुसरं, गाडी घेतल्यावर पहिली रात्र अंगणातच, बाहेरची वीज काढून, हीटर आणि दिवे लावून काढायला हवी होती. हा दोष तिथेच, दुकानं जवळ असताना, सापडला असता. ही चाचणी आता मी प्रत्येकाला सांगतो, आणि भार चालू असतानाच मोजायला सांगतो.

ब्रेकच्या बाबतीत मला त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. विकत घेताना तपासणी करून घेतली होती, लायनर जाड होते, पेडल ठीक होतं. होज आतून बंद होतो हे बाहेरून दिसत नाही. पण वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीचं ब्रेक ऑइल पहिल्याच आठवड्यात बदललं असतं, तर ते काळं ऑइल पाहून कुणीतरी होजकडे वळलं असतं.

एका गोष्टीवर आमचं अजून एकमत नाही. त्याला वाटतं, ब्रेक दुरुस्त झाल्यावर आई-बाबांना घेऊन परत फिरायला हवं होतं. मला वाटतं, नव्या होजवर कॉर्ड्स जंक्शनच्या आसपास तासभर चालवून चारही चाकं पुन्हा तपासली, तेवढं पुरेसं होतं. नऊ वर्षांच्या टायरवर मात्र त्याचं म्हणणं मला नाकारता येत नाही.

पुढे

जूनमध्ये सहाही टायर बदलले. जुना कन्व्हर्टर चालू स्थितीत आहे, सुटा भाग म्हणून ठेवलाय. ग्लव्ह बॉक्समध्ये आता एक दोनशे पानी वही असते. तिच्यात दर सहलीआधी चार गोष्टी लिहिल्या जातात: भार चालू असताना बॅटरीवरचा आणि पॅनेलवरचा व्होल्टेज, निगेटिव्ह बाजूची गळती आणि 30 किलोमीटर चालवल्यावर चारही कोपऱ्यांतल्या चाकांचं तापमान. तापमानासाठी त्याने इन्फ्रारेड थर्मामीटर घेतला. बाबा परत जायच्या आदल्या दिवशी त्यांनी तो घेऊन सगळी चाकं मोजली, शेजारी उलटा पंजा धरून आपला अंदाज आधी सांगितला, आणि मुलाला दोन्ही आकडे वहीत लिहायला लावले. 2024 च्या मे महिन्यातली निगेटिव्ह बाजूची नोंद 0.04 व्होल्ट आहे.